हलके म्हणजे नेमके कसे? ‘लाइट’ आणि त्याचे सोबती

गेल्या अंकात इंग्रजी विशेषणांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे हलकेपणा या एकाच गुणाविषयी होती, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : लक्ष्मी रस्त्यावरील साड्यांच्या एका दुकानासाठी मी इंग्रजी माहितीपत्रक लिहीत आहे. चंदेरी, महेश्वरी, शिफॉन, जॉर्जेट या साऱ्यांना मी ‘लाइट’ म्हटले आहे. मालकांचे म्हणणे असे की, वाचताना सगळ्या साड्या एकसारख्याच वाटतात. शब्दकोशात ‘थिन’, ‘फ्लिम्झी’, ‘शिअर’, ‘एअरी’, ‘गॉसमर’ असे पर्याय सापडले. कोणता शब्द कुठे वापरावा? (नारायण पेठ)

उत्तर : मालकांची तक्रार रास्त आहे. वस्त्राला हलके म्हणताना आपल्या मनात वजन, धाग्याचा बारीकपणा, कापडातून आरपार दिसणे आणि ते अंगावर पडण्याची रीत अशा निरनिराळ्या गोष्टी असतात. इंग्रजीने त्यांतील प्रत्येकीसाठी स्वतंत्र शब्द राखले आहेत. त्यांपैकी काही शब्द वस्तूचे वर्णन करता करताच तिची स्तुती किंवा निंदाही करतात, आणि विक्रीसाठी लिहिणाऱ्याने सर्वांत आधी हेच पाहायला हवे.

म्हणून प्रथम ‘फ्लिम्झी’ हा शब्द आपल्या यादीतून काढून टाका. त्याचा अर्थ हलके व पातळ एवढाच नाही. जे लवकर फाटेल, तुटेल, टिकणार नाही ते ‘फ्लिम्झी’. लंगड्या सबबीला आणि न्यायालयात न टिकणाऱ्या पुराव्यालाही इंग्रजीत हेच विशेषण लावतात. ‘थिन’ त्याच्याइतका कठोर नाही, पण कापडाच्या बाबतीत तोही कौतुकाचा नव्हे. ‘थिन कॉटन’ म्हटले की गिऱ्हाईक विरलेल्या सुताची कल्पना करते. बारीक सुताचे कौतुक करायचे असेल तर ‘फाइन’ म्हणावे. ‘डेलिकेट’ हाही स्तुतीचा शब्द आहे, मात्र त्यात जपून वापरण्याची सूचना दडलेली असते, तेव्हा रोज नेसायच्या साडीला तो लावू नये.

वजनाविषयी बोलायचे असेल तर ‘लाइटवेट’ हा सरळ आणि प्रामाणिक शब्द आहे. कापडाच्या व्यापारात तो मोजूनच वापरला जातो, कारण एका चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम भरते ते नमुन्यावर लिहिलेले असते. आरपार दिसणाऱ्या कापडाला ‘शिअर’ म्हणावे. आपल्याकडे अशा ठिकाणी सर्रास ‘ट्रान्सपरंट’ लिहिले जाते, पण तो शब्द काच आणि प्लॅस्टिक यांना अधिक शोभतो. ‘सी-थ्रू’ अर्थाने बरोबर असला तरी साडीच्या दुकानात तो खटकेल. ज्यातून वारा खेळतो त्या मलमलीला ‘एअरी’ म्हणता येईल. चालताना जे हवेत तरंगल्यासारखे हलते ते ‘फ्लोटी’, आणि जे अंगावरून सळसळत खाली येते ते ‘फ्लोइंग’.

आता आपल्या साड्यांकडे वळू. चंदेरीच्या रेशमी धाग्यातील नैसर्गिक डिंक पारंपरिक पद्धतीत पूर्ण काढलेला नसतो. त्यामुळे धागा किंचित ताठ राहतो आणि कापडाला ती ओळखीची पारदर्शक झळाळी येते. तिला ‘शिअर’ आणि ‘क्रिस्प’ ही जोडी चपखल बसते. ‘सॉफ्ट’ किंवा ‘फ्लोटी’ म्हटल्यास चंदेरीचा गुणच पुसला जाईल. शिफॉनला मात्र ‘शिअर’ आणि ‘फ्लोटी’ हे दोन्ही शब्द शोभतात. जॉर्जेटचे धागे खूप पीळ दिलेले असतात, म्हणून त्याचा पोत किंचित खरखरीत आणि पडणे भरीव असते. त्याला ‘लाइटवेट’ व ‘फ्लोइंग’ म्हणावे. रेशीम आणि सूत यांच्या मिलाफातून विणलेल्या महेश्वरीला ‘लाइटवेट’ आणि ‘फाइन’ पुरेसे आहेत. पैठणीला ‘हेवी’ म्हणायला संकोच करू नका, कारण भरजरी वस्त्राच्या बाबतीत तो दोष मानला जात नाही, आणि तिच्या शेजारी ठेवल्यावरच चंदेरीचा हलकेपणा वाचणाऱ्याला खऱ्या अर्थाने जाणवेल.

‘गॉसमर’ विषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण तो शब्द सुंदर आहे आणि म्हणूनच फार उधळला जातो. शरद ऋतूतील शांत दिवसांत कोळ्याची पिल्ले जे बारीक तंतू सोडून वाऱ्यावर तरंगत जातात, त्या तंतूंचे हे नाव. ‘गूज’ आणि ‘समर’, म्हणजे हंसाच्या जातीचा तो पक्षी आणि उन्हाळा, यांच्या जोडणीतून ते आले, असे मानतात. नोव्हेंबरच्या सुमारास थंडी थांबून मध्येच जे उबदार दिवस येतात, त्यांच्याशी आणि त्या काळात खाल्ल्या जाणाऱ्या या पक्ष्याशी त्याचा संबंध लावला जातो. ज्या शब्दामागे इतके नाजूक चित्र आहे, तो संपूर्ण माहितीपत्रकात एकदाच, सर्वांत तलम साडीसाठी वापरावा.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. मुलांच्या निबंधांत ‘माय माइंड बिकेम लाइट’, ‘लाइट फीवर’, ‘लाइट टी’ अशी वाक्ये येतात. ती चुकीची आहेत हे मला कळते. पण का चुकीची, ते मुलांना नीट सांगता येत नाही. (हडपसर)

उत्तर : मुले मराठीत विचार करून लिहितात, आणि मराठीतील ‘हलका’ हा शब्द इंग्रजी ‘लाइट’पेक्षा कितीतरी दूरवर जातो. वजन कमी असणे या मूळ अर्थापासून त्याला दोन फांद्या फुटल्या आहेत. एक सुखाची : मन हलके होणे, हलकाफुलका विनोद, हलक्या हाताने. दुसरी कमीपणाची : हलक्या प्रतीचा माल, हलक्या कानाचा माणूस, हलकट. इंग्रजी ‘लाइट’ पहिल्या फांदीवर थोडे अंतर सोबत येतो आणि दुसरीवर जवळजवळ येतच नाही. मुलांना एवढे सांगितले तरी निम्मे काम होते; उरलेले निम्मे म्हणजे कोणत्या नामाबरोबर कोणते विशेषण चालते हे कानाला सवयीचे करणे.

मन हलके झाले असे म्हणायचे असेल तर ‘आय फेल्ट रिलीव्ह्ड’ हे साधे वाक्य योग्य आहे. मनावरचे ओझे उतरले या अर्थी ‘अ वेट ऑफ माय माइंड’ असाही रुळलेला प्रयोग आहे. डोक्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. तेल लावून मालिश केल्यावर आपले डोके हलके होते ते सुखाने, पण इंग्रजीत ‘लाइट-हेडेड’ झालेल्या माणसाला भोवळ येत असते आणि त्याला आधी खाली बसवावे लागते. ‘लाइट-हार्टेड’ मात्र आनंदी, निश्चिंत वृत्तीचा. दोन शब्द दिसायला भावंडे आहेत, अर्थाने नाहीत.

हलका ताप म्हणजे ‘माइल्ड’ किंवा ‘स्लाइट’ फीवर. डॉक्टर त्याला ‘लो-ग्रेड’ म्हणतात. दुखणे, विकार, दुष्परिणाम यांच्याबरोबर इंग्रजीला ‘माइल्ड’ हाच शब्द हवा असतो. चहा हलका असत नाही, ‘वीक’ असतो, आणि कडक चहा ‘स्ट्राँग’. हलक्या प्रतीचे कापड ‘इन्फिरिअर’ किंवा ‘पुअर-क्वालिटी’. समाजाने कमी लेखलेले हलके काम ‘मीनिअल’. ‘लाइट ड्यूटीज’ म्हणजे आजारातून उठलेल्या कामगाराला दिलेले कमी श्रमाचे काम. हलक्या कानाच्या माणसाला नेमका इंग्रजी शब्द नाही. ‘गलिबल’ म्हणजे सहज फसणारा. चुगलीवर विश्वास ठेवणे हा त्यातला विशेष तिथे हरवतो, म्हणून ते पूर्ण वाक्यातच सांगावे.

जिथे दोन्ही भाषा जुळतात त्या जागाही मुलांना दाखवाव्यात, म्हणजे त्यांचा धीर वाढेल. हलकी झोप, हलके जेवण, हलकी शिक्षा, हलका पाऊस या सगळ्यांना ‘लाइट’ चालतो. पावसाचे उदाहरण पुण्यात शिकवायला विशेष सोयीचे आहे. हवामान खाते 24 तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर पडलेल्या पावसाला ‘लाइट रेन’ म्हणते. आपल्या ओळखीची भुरभुर म्हणजे ‘ड्रिझल’, आणि ती ठरते थेंबाच्या आकारावर, 0.5 मिलिमीटरपेक्षा लहान व्यासाच्या थेंबांवरून. वाऱ्याच्या प्रतवारीत ताशी 6 ते 11 किलोमीटर वेगाच्या झुळुकीला ‘लाइट ब्रीझ’ आणि 12 ते 19 किलोमीटरच्या वाऱ्याला ‘जेंटल ब्रीझ’ म्हणतात. म्हणजे इथे ‘जेंटल’ हा ‘लाइट’पेक्षा जोरदार आहे, आणि नेमकी हीच गोष्ट अनुवादात बहुतेक वेळा उलटी होते.

शेतकरी घरातल्या मुलांसाठी आणखी एक. इंग्रजीत ‘लाइट सॉइल’ म्हणजे वाळूचे प्रमाण जास्त असलेली, मशागतीला सोपी, पाण्याचा चटकन निचरा होणारी जमीन. आपल्याकडे हलकी, मध्यम आणि भारी ही विभागणी मुख्यतः मातीच्या थराच्या खोलीवरून होते. मुरूम हाताशी लागणाऱ्या उथळ जमिनीला इंग्रजीत ‘शॅलो’ म्हटले तरच परक्या वाचकाला तिची अडचण समजेल.

प्रश्न : आमच्या संगीत मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत एका तबलावादकांना ‘लाइट-फिंगर्ड’ म्हटले आहे. एका सभासदांनी त्यावर आक्षेप घेतला. पत्रिका अजून छापून यायची आहे. (सदाशिव पेठ)

उत्तर : छपाई थांबवावी. ‘लाइट-फिंगर्ड’ या शब्दाचा रूढ अर्थ हातचलाखीने चोरी करणारा असा आहे. बोटांच्या सफाईसाठी ‘निंबल-फिंगर्ड’ किंवा ‘डेफ्ट’ लिहावे, आणि वादनातील संयम सांगायचा असेल तर ‘अ लाइट टच’. पावलांच्या बाबतीत मात्र ‘लाइट-फुटेड’ निर्धोक आहे आणि कथक नर्तकीला तो उत्तम शोभतो. त्याच पत्रिकेत सुगम संगीतासाठी ‘लाइट म्युझिक’ आणि ठुमरी-दादऱ्यासाठी ‘लाइट क्लासिकल’ असेल, तर ते तसेच ठेवावे. आकाशवाणीमुळे हे दोन्ही शब्द भारतीय इंग्रजीत पक्के रुजले आहेत.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या सरावात ‘ट्रॅव्हल लाइट’ हे वाक्य मी चूक ठरवले, कारण क्रियापदाला क्रियाविशेषण हवे, म्हणजे ‘लाइटली’. उत्तरसूचीत ते बरोबर दाखवले आहे. शिवाय उजेड आणि हलका यांना इंग्रजीत एकच शब्द कसा? (शनिवार पेठ)

उत्तर : उत्तरसूची बरोबर आहे. ‘ट्रॅव्हल’ आणि ‘पॅक’ या क्रियापदांबरोबर ‘लाइट’ हाच क्रियाविशेषणाचे काम करतो. सामान कमी घेऊन प्रवास करणे एवढाच त्याचा अर्थ आहे. इतरत्र बहुधा ‘लाइटली’ येतो : सावध झोपणे, पाऊल हळुवार टाकणे, मीठ बेताने घालणे, थोडक्या शिक्षेवर सुटणे. एखादी गोष्ट किरकोळ लेखणे यासाठी ‘मेक लाइट ऑफ’ असा प्रयोग आहे. त्याच्याशी ‘मेक लाइट वर्क ऑफ’ याची गल्लत करू नये, कारण त्याचा अर्थ काम सहज उरकणे असा होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, तो एक शब्द नसून दोन आहेत आणि कालौघात त्यांचे रूप एकसारखे झाले आहे. जर्मन भाषेत ते आजही वेगळे आहेत : उजेड तो ‘लिख्त’ आणि हलका तो ‘लाइख्त’. उजेडाचा ‘लाइट’ लॅटिनमधील ‘लुक्स’ आणि संस्कृतातील ‘रुच्’ यांच्या कुळातला आहे. वजनाचा ‘लाइट’ लॅटिनमधील ‘लेविस’ आणि आपल्या ‘लघु’ यांचा सगोत्र. त्याच ‘लेविस’मधून पुढे ‘लेव्हिटी’, ‘अलिव्हिएट’, ‘एलिव्हेट’ हे शब्द इंग्रजीत आले, आणि फुप्फुसाला इंग्रजीत ‘लंग’ म्हणतात तेही याच मुळातून, कारण ते शरीरातील हलके इंद्रिय.

मराठी वाचकाला यात आणखी एक आनंद आहे. संस्कृतातील ‘लघुक’ प्राकृतात आल्यावर त्यातील ‘घ’चा ‘ह’ झाला आणि मग ‘ल’ व ‘ह’ यांनी जागा बदलल्या. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ही अदलाबदल नोंदवली आहे. त्या ओघातूनच आपल्याला ‘हळू’ आणि ‘हलका’ हे शब्द मिळाले. म्हणजे ‘लाइट’ आणि ‘हलका’ हे दूरचे का होईना, नातलग आहेत, आणि परीक्षेच्या पाठांतरात ही गोष्ट सापडत नाही म्हणून मुद्दाम इथे सांगितली.

प्रश्न : आमच्या कारखान्यात वाहनांचे सुटे भाग तयार होतात. इंग्रजी तांत्रिक पत्रकात ‘लाइट’ लिहावे की ‘लाइटवेट’? (चाकण)

उत्तर : भाग मुद्दाम कमी वजनाचा घडवला असेल तर ‘लाइटवेट’, आणि तो मध्ये जोडरेघ न देता एकसंध लिहावा. ‘लाइट’ हा तुलनेचा शब्द आहे. कशापेक्षा हलका, ते वाचणाऱ्याला कळले पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमची घनता प्रति घन सेंटिमीटर 2.7 ग्रॅम आणि पोलादाची सुमारे 7.85 ग्रॅम असते, पण भागाची जाडी वाढवली तर तो भाग तितक्या प्रमाणात हलका राहत नाही. म्हणून धातूविषयी लिहिताना ‘लो-डेन्सिटी’ आणि भागाविषयी लिहिताना ‘लाइटवेट’ असा भेद पाळावा. वाहनांच्या नावातील ‘लाइट’ हे तर वर्णन नव्हेच, ती कायद्यातील प्रतवारी आहे : 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ‘लाइट मोटर व्हेइकल’ची मर्यादा 7500 किलोग्रॅम आहे. मुष्टियुद्धातही असेच आहे; 126 पौंडांपर्यंतचा खेळाडू ‘फेदरवेट’ आणि 135 पौंडांपर्यंतचा ‘लाइटवेट’. एरवी मात्र माणसाला ‘लाइटवेट’ म्हणू नये, कारण तो वकूब नसलेला ठरतो.

प्रश्न : घरगुती खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर इडली, ढोकळा, खारी आणि चकली या सर्वांसाठी ‘लाइट’ लिहिले तर चालेल का? (कोथरूड)

उत्तर : लिहू नये, आणि याचे कारण केवळ भाषेचे नाही. वेष्टनावरचा ‘लाइट’ किंवा ‘लाइट’चेच आखूड स्पेलिंग असलेला शब्द गिऱ्हाइकाला कमी उष्मांकाचे किंवा कमी स्निग्धांशाचे आश्वासन देतो. युरोपीय संघात असा दावा करायला किमान 30 टक्के घट दाखवावी लागते. तळलेल्या चकलीवर तो शब्द छापणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक होईल, तुमचा हेतू चांगला असला तरी. गंमत अशी की, ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवर ‘लाइट’ असतो तो रंग आणि चव सौम्य असल्यामुळे. त्या तेलातील उष्मांक कमी नसतात.

पोताचे शब्द वापरा, ते खरे आणि अधिक भूक वाढवणारे आहेत. इडली ‘फ्लफी’, ढोकळा ‘स्पंजी’, चकली ‘क्रिस्प’ आणि पापुद्रे सुटणारी खारी ‘फ्लेकी’. पुण्याची ओळख झालेले श्रूजबरी बिस्किट ‘क्रम्बली’. बेकरीच्या इंग्रजीत त्याला ‘शॉर्ट’ असेही म्हणतात, कारण भरपूर लोण्यामुळे पिठाला चिकटपणा येत नाही आणि बिस्किट तोंडात भुगा होते.

प्रश्न : एका कवितासंग्रहाच्या इंग्रजी परीक्षणात मी ‘स्लाइट’ हा शब्द नाजूक या अर्थी वापरला. कवयित्री दुखावल्या आहेत. ‘इथीरियल’ लिहायला हवे होते का? (औंध)

उत्तर : माणसाच्या अंगकाठीला ‘स्लाइट’ म्हटले तर तो किरकोळ बांध्याचा एवढेच कळते, पण पुस्तकाला म्हटले तर त्यात सांगण्याजोगे फार काही नाही असा निवाडा होतो. कवयित्रींचे दुखावणे स्वाभाविक आहे, आणि खुलासा प्रसिद्ध करणे योग्य ठरेल. ‘इथीरियल’ मात्र सरसकट घेऊ नका. त्याच्या मुळाशी ग्रीकांनी कल्पिलेली वरची निर्मळ हवा आहे, म्हणून तो पृथ्वीवरचा वाटत नाही अशा स्वराला किंवा सौंदर्याला लावतात. कविता घरातल्या, रोजच्या गोष्टींविषयी असतील तर ‘डेलिकेट’ पुरे. उमेद न सोडणाऱ्या, बुडता बुडता वर येणाऱ्या कवितेला ‘बॉयंट’ हे सुरेख विशेषण आहे. ‘एअरी’ जपून वापरा. खोलीसाठी तो गुण आहे, पण आश्वासनाला किंवा विचाराला लावला की त्याचा अर्थ पोकळ असा होतो.

प्रश्न : घर विकायच्या जाहिरातीत ‘लाइट अँड एअरी फ्लॅट’ असे लिहिले तर लोकांना बांधकाम कच्चे वाटेल का? (बिबवेवाडी)

उत्तर : वाटणार नाही. इथला ‘लाइट’ उजेडाचा आहे, वजनाचा नाही, आणि ‘एअरी’ म्हणजे हवेशीर. घरांच्या जाहिरातीत ही जोडी इतकी रुळलेली आहे की वाचणारा तिचा अर्थ क्षणात लावतो. मात्र ती खरी असेल तरच लिहा. खिडक्या कोणत्या दिशांना आहेत आणि समोर मोकळी जागा आहे की दुसरी इमारत, हे पुढच्याच ओळीत सांगितले तर घर पाहायला येणाऱ्यांचा हेलपाटा वाचेल.